व्हिसा नको, तरी परदेशच

मराठवाड्यातल्या करमाडच्या स्टेशनावरून नेपाळमधल्या लुंबिनीला निघालेला माणूस आपण पहिल्यांदाच परक्या देशात चाललो असं समजतो. त्याच्या आजोबांना परका मुलुख गाठायला मनमाडची गाडी पुरत होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत करमाड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि मनमाड १९४७ पर्यंत इंग्रजी अमलात. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या मीटरगेज रेल्वेने हे दोन मुलुख जोडले होते. गाडीने नगरसूल सोडलं की रोटेगाव यायच्या आत हद्द ओलांडली जायची. पासपोर्ट कोणी मागत नसे, व्हिसाचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. तरी हद्दीपलीकडे बरंच काही बदलायचं. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार, आणि सरकारी भाव ७ हालीला ६ कलदार. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. संस्थानचं पोस्टाचं तिकीट संस्थानापुरतंच चाले. सरकारी कागदावर फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे इराणी महिने असत. १५ ऑगस्ट १९४७ नंतरचे तेरा महिने तर ही हद्द स्वतंत्र भारत आणि स्वतंत्र राहू पाहणारं संस्थान यांच्यातली झाली. त्याच काळात निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बाद ठरवलं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण असं, की नेपाळची हद्द आज याच जातीची आहे. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला, राहायला, व्यवसाय करायला व्हिसा लागत नाही. भारतीयाकडे पासपोर्ट नसला तरी चालतो. त्यामुळे ‘नेपाळ काय, आपलंच’ असं म्हणत लोक निघतात आणि नको तिथे अडकतात. दुबईला जाणाऱ्याकडून व्हिसाच्या निमित्ताने कागद, तिकीट, राहण्याची सोय सगळं आधीच तपासून घेतलं जातं. नेपाळला जाणाऱ्याची तयारी अशी कोणी करून घेत नाही. हद्द मोकळी असली की तपासणी एका खिडकीवरून उठते आणि ओळखपत्र, नोटा, गाडीचे कागद, फोन, औषधांची पिशवी अशी ठिकठिकाणी विखुरते. ती कुठे कुठे भेटते, हे या प्रकरणात पाहू.

मराठवाड्यातून कोण जातं

नेपाळला जाणाऱ्या मराठी माणसांचे ढोबळमानाने दोन ओघ आहेत. एक पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर करणाऱ्यांचा. दुसरा बौद्ध यात्रेकरूंचा, आणि मराठवाड्यात तो मोठा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर महिनाभरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनाला गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. ६ डिसेंबरला त्यांचं निर्वाण झालं. त्यांचा अखेरचा परदेश प्रवास नेपाळचा होता. ज्या शहरात त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभारलं, त्या शहराच्या आसपासच्या गावांतून आज बसच्या बस भरून लोक बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती करत निघतात. या सगळ्या यात्रेत हद्दीपलीकडे आहे ती एकटी लुंबिनी. पंधरा दिवसांच्या सहलीत परदेशात राहणं एक-दोन दिवसांचं असतं, म्हणूनच त्याची वेगळी तयारी करायचं कोणाच्या मनात येत नाही.

आधार पुरत नाही

सर्वांत जास्त फसगत होते ती आधार कार्डाने. बँक, सिमकार्ड, रेशन, लॉज, सगळीकडे आधार चालतं. मग नेपाळला का नाही? उत्तर सरळ आहे. आधार ही राहणाऱ्या माणसाची ओळख आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही. करारातली सवलत मात्र नागरिकांना आहे. म्हणून भारतीय नागरिकाने नेपाळसाठी यांपैकी एक कागद जवळ ठेवायचा: मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. विमानाने जाणाऱ्याला हे अगदी काटेकोरपणे लागू होतं. नाहीतर विमान कंपनी दिल्लीतच मागे फिरवते.

वयाप्रमाणे नियमांत थोडी मोकळीक आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची सक्ती नाही. वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कार्ड पुरतं, आणि इथे आधार चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींची पंचाईत वेगळीच: मतदानाचं वय झालेलं नाही आणि लहानातही मोडत नाहीत. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला लागतो. सहल दिवाळीच्या सुटीत असेल तर शाळा बंद व्हायच्या आधीच तो मागून घ्यावा. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील असं कुटुंब एकत्र जात असेल, तर एका प्रौढाकडे मुख्य कागद असला तरी भागतं. मात्र बाकीच्यांकडे फोटोचं ओळखपत्र आणि आपण एकाच कुटुंबातले आहोत हे दाखवणारा पुरावा हवा. अशा वेळी रेशनकार्ड अचानक आंतरराष्ट्रीय प्रवासाचा कागद होतं.

मतदार ओळखपत्र घरात असतंच, पण ते वर्षानुवर्षं कोणी निरखून पाहिलेलं नसतं. लग्नाआधीचं नाव, चुकलेलं वडिलांचं नाव, वीस वर्षांपूर्वीचा ओळखू न येणारा फोटो, पुसट झालेलं लॅमिनेशन. निघण्याआधी दोन-तीन महिने ते काढून पाहावं. दुरुस्तीसाठी आणि हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात नवं घेण्यासाठी ८ नंबरचा अर्ज भरायचा, पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर ६ नंबरचा. दोन्ही अर्ज ऑनलाइन होतात किंवा गावातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, देता येतात. सहलीची यादी, रेल्वेचं तिकीट आणि ओळखपत्र या तिन्हींवर नाव सारखं असावं. झेरॉक्स आणि फोनमधला फोटो जवळ असू द्यावा, पण अस्सल कार्डाची जागा त्यांना देऊ नये.

शंभराची नोट राजा

हाली आणि कलदार यांच्यासारखी जोडी नेपाळमध्ये आजही आहे. तिथे भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. भाव १९९३ पासून बांधलेला आहे: १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये. रोजच्या बाजारभावाने तो हलत नाही, त्यामुळे आज बदलावे की उद्या हा प्रश्नच नाही.

गोंधळ होतो तो पाटीवरच्या आकड्याचा. सोनौलीच्या सीमानाक्यापलीकडे चहाच्या टपरीवर किंवा ई-रिक्षावाल्याने ‘दोनशे’ म्हटलं, तर ते कोणते दोनशे? एनसीचे असतील तर आपले १२५, आयसीचे असतील तर पूर्ण २००. हद्दीलगत दोन्ही चलनं चालतात, म्हणून बसण्याआधी, खाण्याआधी, खोली घेण्याआधी ‘आयसी की एनसी?’ एवढं विचारायची सवय लावून घ्यावी. नेपाळी रकमेचे भारतीय रुपये करायचे तर ८ ने भागून ५ ने गुणायचं. ८०० एनसी म्हणजे ५०० आयसी. तोंडी जमतं.

नोटांचं प्रकरण जरा नाजूक आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर नेपाळच्या बँकांत आणि लोकांच्या घरात आपल्या जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा अडकल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटा वापरायला बंदी केली. ही बंदी सैल करण्याच्या हालचाली पुढे दोन्ही बाजूंनी झाल्या, पण दुकानदाराच्या मनातली धास्ती सरकारी पत्रकाने एका दिवसात जात नाही. १०० आणि त्याखालच्या नोटा बिनघोर घ्याव्यात, ५०० च्या नोटांची गड्डी बांधून जाऊ नये. गोरखपूरला पोचेपर्यंत बँकेतून शंभराचं बंडल काढून ठेवलं, की निम्मी काळजी मिटते.

मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या फोनपेच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देता येऊ लागले आहेत. नावात आपल्या फोनपेशी साम्य असलं तरी ही नेपाळची वेगळी यंत्रणा आहे. आपल्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहाराची सोय आधी चालू करावी लागते, आणि फोनला इंटरनेट हवं. दोन्ही गोष्टी हद्दीअलीकडेच तपासून पाहाव्यात.

परत निघताना मोठी रक्कम एनसीत उरवू नये. नाक्याजवळ बदलून मिळते. करमाडच्या बाजारात ती नोट कोणी हातात धरणार नाही.

सोनौलीचा नाका

मनमाडहून गोरखपूरला काशी एक्सप्रेस आणि कुशीनगर एक्सप्रेस या नेहमीच्या गाड्या आहेत. गोरखपूरहून सोनौली सुमारे १०० किलोमीटर. बस आणि जीप भरपूर. रेल्वेने नौतनवापर्यंत गेलं तर तिथून हद्द काही किलोमीटरवरच राहते. सोनौली उत्तर प्रदेशच्या महाराजगंज जिल्ह्यात, पलीकडे नेपाळचं बेलहिया, आणि चार किलोमीटरवर भैरहवा, ज्याचं सरकारी नाव सिद्धार्थनगर. तिथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. सिद्धार्थनगर नावाचा एक जिल्हा उत्तर प्रदेशातही आहे, त्यामुळे तिकीट काढताना आणि नकाशा पाहताना घोळ होऊ देऊ नये.

नाका पाहून पुष्कळांचा भ्रमनिरास होतो. विमानतळासारखं काही नाही. मालट्रकांची लांब रांग, तिच्या कडेने चालणारी माणसं, सायकलवर पोती घेऊन जाणारे स्थानिक, कॅलक्युलेटर घेऊन बसलेले पैसे बदलून देणारे, आणि रस्त्यावर एक कमान. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. ते कार्ड बघतात, वाटलं तर पिशवी उघडायला सांगतात. कमानीपलीकडे नेपाळचे पोलीस. भारतीयाच्या कागदावर शिक्का मारायची गरज नाही, म्हणून इमिग्रेशनच्या ऑफिसात न जाताच आपण पुढे जातो. आपल्या गटात परदेशी पासपोर्ट असलेला नातेवाईक असेल तर मात्र गोष्ट बदलते. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाला किंवा सुनेला भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि नेपाळचा व्हिसा दोन्ही घ्यावेच लागतात. चेहरा मराठी असल्यामुळे त्यांना कोणी अडवत नाही, आणि पुढे विमानतळावर तोच शिक्का कुठे आहे असं विचारलं जातं.

लुंबिनीला आणखी जवळ पडणारा ककरहवाचा नाकाही आहे. तो लहान, मुख्यतः स्थानिक लोकांच्या वापराचा. मोठी बस, मोठा गट आणि गाडीचे कागद असतील तर सोनौलीच बरी.

गाडी नेणार असाल तर

माणसाला व्हिसा नको, पण गाडीला परवाना हवा. नेपाळमध्ये जकातीला भन्सार म्हणतात. भारतीय नंबरची मोटार किंवा बस आत न्यायची तर बेलहियाच्या भन्सार कार्यालयात दिवसाच्या हिशेबाने शुल्क भरून चिठ्ठी घ्यावी लागते. ती चिठ्ठी वाटेत पोलीस विचारतात, आणि जेवढ्या दिवसांची आहे त्यापेक्षा जास्त राहिलात तर दंड होतो. तीन दिवसांचा बेत असेल तर चार दिवसांचं शुल्क भरावं. दरड कोसळून एक रात्र वाटेत काढावी लागली तरी निभावतं.

गाडीचं आरसी बुक, चालकाचा परवाना, पीयूसी आणि विमा अस्सल स्वरूपात हवेत. विम्याकडे खास लक्ष द्यायला हवं. आपल्या वाहन विम्याचं संरक्षण भारताच्या हद्दीपुरतं असतं. जादा हप्ता भरून नेपाळपुरती त्याची हद्द वाढवून मिळते, आणि तशी नोंद पॉलिसीवर करून घ्यावी लागते. हे एजंट आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. भाड्याच्या बसने जाणाऱ्या मंडळींनी बसमालकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत: नेपाळसाठीचा परवाना आहे का, विम्यात नेपाळ धरला आहे का, आणि डोंगरी रस्त्यासाठी दुसरा चालक आहे का. सहलीच्या पत्रकावर जेवणाचा बेत सविस्तर छापलेला असतो, या तीन गोष्टी मात्र कुठेच नसतात.

पंधरा मिनिटं पुढे, सत्तावन्न वर्षं पुढे

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते, नेपाळची सव्वाशहाऐंशी रेखांशावरून, गौरीशंकर शिखराजवळून. फरक पावणेचार अंशांचा, म्हणजे पंधरा मिनिटांचा. नेपाळ ही वेळ १९८६ पासून पाळतो. परतीची बस सकाळी सहाला असेल तर ती आपल्या मनगटावरच्या पावणेसहाला सुटते, आणि हद्दीजवळ फोनचं घड्याळ कधी इकडचा टॉवर पकडतं, कधी तिकडचा. हातातलं घड्याळ आधीच नेपाळी वेळेवर लावलेलं बरं.

सरकारी कामकाज विक्रम संवताने चालतं, इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे. पावतीवर २०८२ साल दिसलं तर छापण्यात चूक झालेली नसते. आठवड्याची मुख्य सुटी शनिवारी. म्हणजे शनिवारी बँकेचं किंवा कार्यालयाचं काम काढू नये. दसऱ्यानंतर निघणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक गोष्ट आडवी येते. आपण विजयादशमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन करून निघतो, तेव्हा तिथे दशैं आणि पाठोपाठ तिहारच्या सुट्या चालू असतात. नेपाळी माणूस या दिवसांत घरी जातोच. बसगाड्या भरलेल्या, कार्यालयं बंद, भाडी चढी.

हवामानाचा हिशेब असा. बुद्धपौर्णिमेला, म्हणजे मे महिन्यात, लुंबिनीत मोठा सोहळा असतो, पण तराईचा तो भाग आपल्या जालना-परभणीसारखाच तापतो. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरपासून लुंबिनीपर्यंत दाट धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च हे दिवस सोयीचे.

भारतीय सिमकार्ड पलीकडे रोमिंगवर जातं किंवा गप्प बसतं. निजामाच्या पोस्टाच्या तिकिटासारखी त्याचीही हद्द ठरलेली. गटातल्या दोघांनी रोमिंग चालू करून घ्यावं, किंवा ओळखपत्र दाखवून नेपाळ टेलिकॉम वा एनसेलचं सिम घ्यावं. बाकीच्यांनी ते दोन नंबर घरी कळवून ठेवावेत.

लुंबिनीत

भैरहवाकडून येणारी बस लुंबिनीच्या दाराशी सोडते, आणि मायादेवी मंदिर तिथून बरंच आत असतं. हा सगळा परिसर जपानी वास्तुकार केन्झो टांगे यांच्या आराखड्याप्रमाणे आखलेला आहे. तो १९७८ मध्ये मंजूर झाला. मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान परंपरेचे. पूर्ण फिरायचं तर दिवस जातो. ज्येष्ठांसाठी ई-रिक्षा ठरवावी, आणि भाडं कोणत्या रुपयात हे आधी विचारावं. मायादेवी मंदिरात बूट-चपला बाहेर, आत छायाचित्रं नाहीत, बोलणं हळू. तिकिटाचे दर देशाप्रमाणे वेगळे आहेत आणि भारतीयांना सार्क देशांचा कमी दर मिळतो. तिथेही ओळखपत्र लागतं, म्हणून ते खोलीवर ठेवून येऊ नये.

मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ उभा आहे. डिसेंबर १८९६ मध्ये त्यावरचा लेख उजेडात आला आणि बुद्धांचं जन्मस्थान कोणतं याचा वाद मिटला. अजिंठ्याच्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरं पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला या स्तंभावरचं वळण ओळखीचं वाटेल. लेख छोटा आहे. राज्याभिषेकानंतरच्या विसाव्या वर्षी आपण स्वतः इथे आलो, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, म्हणून हा स्तंभ उभारला, असं राजा सांगतो. शेवटी हिशेबाची गोष्ट येते: लुंबिनी गावाचा बळी हा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्साच सारा ठरवला. बावीसशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या यात्रेकरूने गावाला कराची सूट दिली होती. आजच्या यात्रेकरूने निदान कचरा मागे ठेवू नये. बसमधल्या स्वयंपाकाचे द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या या पवित्र जागेच्या कुंपणाशी पडलेल्या दिसतात, आणि त्यावरची मराठी अक्षरं नेपाळी सफाई कामगारालाही वाचता येतात. देवनागरी त्यांचीही लिपी आहे.

हाताशी अर्धा दिवस असेल तर पंचवीस-तीस किलोमीटरवर तिलौराकोट आहे. नेपाळ त्याला शाक्यांचं कपिलवस्तू मानतो. भारताच्या बाजूला पिपरहवा आहे, जिथे १८९८ मध्ये अस्थिपात्र सापडलं आणि ज्याला आपल्याकडे कपिलवस्तू म्हणतात. दोन्ही पाहिली तर हद्द इतिहासातूनही कशी जाते ते कळतं.

अडचण आली तर

२३ ऑगस्ट २०२४ ला पोखराहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. बस गोरखपूरची होती, प्रवासी जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळ-वरणगाव भागातले. २७ जण गेले. हवाई दलाच्या विमानाने यात्रेकरूंचे मृतदेह नाशिकला आणावे लागले. त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, नेपाळच्या त्रिशूली नदीत दरडीने दोन बसगाड्या ओढून नेल्या होत्या. लुंबिनी सपाट तराईत आहे, तिथपर्यंतचा रस्ता धोक्याचा नाही. पण ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून पोखरा आणि काठमांडू जोडले जातात, आणि ते रस्ते कड्याच्या काठाने, खाली नदी ठेवून जातात. पावसाळ्यात हा फाटा सहलीत घेऊ नये. इतर दिवसांतही डोंगरी रस्ता उजेडातच पार करावा. प्रवाशांची नावं, वयं, रक्तगट आणि घरचे फोन असलेली यादी बसखेरीज गावातल्या एका जबाबदार माणसाकडेही ठेवावी. अपघातानंतर पहिल्या काही तासांत सगळ्यांत मोठी धडपड हीच असते, की बसमध्ये नेमकं कोण कोण होतं.

८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला तरुणांच्या आंदोलनात नेपाळचं सरकार कोसळलं, काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि महाराष्ट्रातले पर्यटकही तिथे अडकले. अशा वेळी खोली सोडून नाक्याकडे धावू नये. हॉटेलात थांबावं, काठमांडूतल्या भारतीय दूतावासाशी आणि आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी बोलावं. दूतावासाचा नंबर निघण्याआधी कागदावर लिहून घ्यावा. ओळखपत्र हरवलं तरी दूतावास परतीसाठी तातडीचा दाखला देतो. त्यासाठी हरवलेल्या कार्डाची झेरॉक्स फार कामी येते.

दवाखान्याचा खर्च खिशातून होतो, कारण आयुष्मान कार्ड हद्दीपलीकडे चालत नाही. परदेश प्रवासाचा आरोग्य विमा थोडक्या पैशात मिळतो, तो साठीपुढच्या प्रत्येकाने घ्यावा. रक्तदाबाची, साखरेची औषधं पूर्ण दिवसांची आणि वर चार दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मुक्तिनाथला जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं, की ते ३,७०० मीटरपेक्षा उंच आहे. हृदयाचा, दम्याचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

येताना, आणि पुढच्या वेळी

परतताना तपासणी जाण्यापेक्षा कडक असते. स्वस्त म्हणून घेतलेली नवी इलेक्ट्रॉनिक वस्तू, कपड्यांचा गठ्ठा, सोनं, यांवर आपला कस्टम विभाग शुल्क मागू शकतो, आणि रस्त्याने येणाऱ्याला सवलत फार कमी असते. दारूची बाटली तर घेऊच नये. यात्रा पुढे बोधगयेला जात असेल तर ते बिहारमध्ये आहे, आणि तिथे एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. एकाच्या पिशवीतल्या बाटलीपायी अख्खी बस ठाण्यात उभी राहते.

या पहिल्या परदेशवारीनंतर एक काम करून टाकावं: पासपोर्ट काढावा. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, प्रौढांना तो दहा वर्षं चालतो. अर्ज ऑनलाइन, कागदांची तपासणी छत्रपती संभाजीनगरला, पोलीस चौकशी आपल्याच ठाण्यातून. लुंबिनी मतदार ओळखपत्रावर झाली. श्रीलंकेतलं अनुराधापूर किंवा थायलंडचे विहार त्यावर होणार नाहीत. पण ज्याने नेपाळला जाताना नावातली चूक आधी दुरुस्त केली, नोटा निवडून घेतल्या, विम्याची अट वाचली आणि यादी गावात ठेवली, त्याला व्हिसाचा अर्ज अवघड वाटत नाही. तेच प्रश्न असतात, फक्त या वेळी ते दुसरं कोणीतरी विचारतं.